मॅसिव्ह अटॅकचा 'ब्लू लाइन्स': पावसाळाभर ऐकल्यावर

जूनपासून हा अल्बम घरात आणि प्रवासात सतत चालू आहे. आधी कामाचं सांगतो: मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. याचा सगळा जीव बेसमध्ये, म्हणजे खालच्या जड सुरांत, आहे आणि नेमका तोच तिथे गायब होतो. 'सेफ फ्रॉम हार्म' हे पहिलं गाणं ड्रमर बिली कोबहॅमच्या 'स्ट्रेटस'मधून उचललेल्या बेसलाइनवर उभं आहे. ती नीट ऐकू आली नाही तर गाण्यात उरतं काय?

मॅसिव्ह अटॅक म्हणजे थ्रीडी, डॅडी जी आणि मशरूम. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे हे तिघे मुळात 'वाइल्ड बंच' या साउंड सिस्टीममधले, म्हणजे पार्ट्यांत रेकॉर्ड वाजवणाऱ्या डीजेंच्या टोळीतले. १९९१ च्या या पहिल्या अल्बमवर ते स्वतः पुटपुटल्यासारखं रॅप करतात आणि खरं गाणं पाहुण्यांवर सोपवतात. माझ्या मते अल्बम टिकला तो यामुळेच. शारा नेल्सन चार गाण्यांत आहे आणि चारही वेळा भाव खाऊन जाते. जमैकाचा रेगे गायक हॉरेस अँडी मात्र सुरुवातीला कानाला खटकला. तो थरथरता, नाकातला आवाज या थंड बीटवर कशाला, असं वाटायचं. आता 'वन लव्ह' लागलं की हातातलं काम थांबतं. रॅपर ट्रिकी तेव्हा कोवळा पोरगा होता, तरी 'डेड्रीमिंग'मध्ये थ्रीडीला तोडीस तोड आहे.

'अनफिनिश्ड सिम्पथी'बद्दल सगळेच बोलतात, आणि बरोबरच बोलतात. विल मेलोनने बांधलेली व्हायोलिनं खऱ्या वादकांनी लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत वाजवली आहेत. सिंथेसायझरवर ती भव्यता आलीच नसती. त्यात मधूनमधून येणारी 'हे हे' ही हाक महाविष्णू ऑर्केस्ट्राच्या रेकॉर्डवरची आहे. म्हणजे झाकीरभाईंसोबत 'शक्ती' हा फ्यूजन ग्रुप उभा करणाऱ्या जॉन मॅक्लॉफ्लिनचा बँड. कोबहॅमही त्याच बँडचा ड्रमर! हे कळल्यावर आमच्या घरातले फ्यूजनवाले काकाही ऐकायला बसले.

उणं काय? 'लेटली' मी आता सरळ पुढे ढकलतो. शारा असूनही ते जागचं हलत नाही. 'बी थँकफुल' गोड आहे, पण मूळ विल्यम डिव्हॉनच्या गाण्यात फारशी भर घालत नाही. शेवटचं 'हिम ऑफ द बिग व्हील' मात्र उशिरा उमगलं, आणि हल्ली सर्वांत जास्त तेच वाजतं.

नऊच गाणी, पाऊण तासाचा ऐवज. शफल बंद करून क्रमाने ऐका. पुढचा, १९९४ चा 'प्रोटेक्शन'ही लावून पाहिला. हॉरेस अँडी तिथेही आहे आणि ट्रेसी थॉर्न सुरेख गाते, पण शारा नाही, आणि तिची उणीव मला तरी भासते.