कासवाच्या पेटीचा थर्मोस्टॅट (आणि नेब्युलायझर): एक हिवाळा वापरल्यावर

थर्मोस्टॅट (पेटीतलं तापमान बघून हीटर चालू-बंद करणारा) यंत्र म्हणून चांगला आहे. पण त्याचा सेन्सर ज्या सक्शन कपवर टांगलेला असतो, तो टाकाऊ आहे. कासव आजारी असताना हा दोष जिवावर बेततो, म्हणून एवढं लिहितेय.

आम्ही मँचेस्टरला राहतो. आमचा गोट्या हॉर्सफील्ड जातीचा, मूळ कझाकस्तान-उझबेकिस्तानकडच्या कोरड्या माळांवरचा. इथली ओल आणि गारवा एकत्र आले की त्याला बाधतात. (हॉर्सफील्डला इथे परवाना लागत नाही. भारतातल्यांनी मात्र हे वाचून तारा कासव आणू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार ते घरात ठेवणं गुन्हा आहे.)

जानेवारीत त्याच्या नाकाशी बुडबुडे दिसले. मग खाणं सुटलं, आणि मान ताणून, तोंड उघडून तो श्वास घ्यायला लागला. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून न्यूमोनिया सांगितला. कासवाला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, पायांजवळचे आणि पोटाचे स्नायू हलवून ते हवा आत-बाहेर करतं. त्यामुळे त्याला आपल्यासारखं खोकून कफ बाहेर टाकता येत नाही, तो आतच साचतो. शिवाय अंगाची ऊब बाहेरून मिळणारी. ती कमी पडली तर त्याची प्रतिकारशक्तीही मंदावते. दर 72 तासांनी सेफ्टाझिडिम या अँटिबायोटिकचं इंजेक्शन सुरू झालं, तेही पुढच्या पायात, कारण मागच्या पायांतलं रक्त आधी मूत्रपिंडांकडे जाऊ शकतं, आणि औषध अंगभर पोचण्याआधीच बाहेर टाकलं जाऊ शकतं. आणि बजावून सांगितलं की रात्रीसुद्धा पेटी 26 अंशांखाली जाता कामा नये.

पेटीवर 26 चाच आकडा दिसत होता! तरी गोट्या गार लागायचा. वेगळा थर्मामीटर त्याच्या झोपायच्या कोपऱ्यात ठेवला तर 18. सक्शन कप भिंतीवरून सुटून सेन्सर थेट सिरॅमिक हीटरखाली पडला होता. तिथे 26 झाले की हीटर बंद, आणि बाकी पेटी थंडगार. तोच सेन्सर लांबच्या कोपऱ्यात पडला असता तर हीटर बंदच झाला नसता आणि कासव भाजलं असतं. ऊब आणि ओल असलेल्या पेटीत रबराचा कप टिकत नाही, हे बनवणाऱ्याला कळायला हवं होतं.

दुकानदाराचं म्हणणं, कप झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत येत नाही. सुटाही मिळत नाही, नवा थर्मोस्टॅट घ्या. दीड पेन्सच्या रबरासाठी पूर्ण यंत्राचे पैसे मी देणार नव्हते. ब्रिटनच्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार पहिल्या 6 महिन्यांत दिसलेला दोष विक्रीच्या वेळीच होता असं धरलं जातं, तसं नसल्याचं दुकानदाराने सिद्ध करायचं. हे लेखी कळवल्यावर बदली कप आला. तोही आठवड्यात गळून पडला. शेवटी यजमानांनी पेटीच्या भिंतीला भोक पाडून सेन्सर केबल टायने आवळला, गोट्याच्या कवचाच्या उंचीवर. तेव्हापासून तापमान अर्ध्या अंशानेही हललेलं नाही. म्हणून यंत्राला चांगलं म्हणते.

नेब्युलायझरबद्दल (औषधाचे बारीक तुषार करून श्वासावाटे देणारं यंत्र) माझं मत मात्र उलटं झालं. डॉक्टरांनी सुचवला तेव्हा मला तो निव्वळ खर्च वाटला होता. प्राण्यांच्या दुकानात सरड्याचं चित्र असलेला बघितला, किंमत ऐकून परत आले, आणि औषधांच्या दुकानातून दम्याच्या मुलांना लावतात तो साधा कॉम्प्रेसरवाला घेतला. झाकणाच्या प्लास्टिक डब्याला नळीपुरतं भोक, हवेसाठी आणखी काही, त्यात गोट्या, आणि सलाइनचे बारीक तुषार. पहिल्याच संध्याकाळी श्वासातली शिट्टी कमी झाली. नाक मोकळं झाल्यावर सिंहपर्णीची पानं त्याने स्वतःहून तोडली, तेव्हा मला रडू आलं. आवाज मोठा आहे, पण गोट्याला त्याचं काही नाही.

विकत घेणार असाल तर थर्मोस्टॅट घ्या, पण सोबत केबल टाय आणि वेगळा थर्मामीटर घेतल्याशिवाय कासवाला त्या पेटीत ठेवू नका. नव्या मॉडेलला सक्शन कपऐवजी स्क्रूची क्लिप आली असेल तर कुणीतरी फोटो टाका. माझ्या बहिणीला तिच्या कासवासाठी घ्यायचा आहे.