घंटागाडी सेवा चांगली, पण मासळीच्या कचऱ्याला एक फेरी पुरत नाही

किनाऱ्यावरच्या आमच्या शहरातली घंटागाडी रोज सकाळी येते. पायऱ्यांच्या पाखाडीत गाडी शिरत नाही, तिथे कामगार बादल्या घेऊन चढतात. या मंडळींच्या कामाला पूर्ण गुण.

अडचण मासळीची. कोळंबीची सालं, बांगड्याची डोकी दुपारी निघतात आणि गाडी दुसऱ्या दिवशी. पिशवी फाटकाला टांगली की कुत्री-कावळे ती गल्लीभर पसरवतात. पाणी पूर्ण निथळून कचरा वर्तमानपत्रात गुंडाळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. परसात माड असेल तर आळ्यात फूटभर खोल पुरा. उथळ पुरलात तर मांजरं उकरणारच.

घनकचरा नियमांनुसार ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा द्यायचा. गाडीत कप्पे आहेत, पण न चेपलेल्या पुठ्ठ्यांनी सुक्याचा कप्पा अर्ध्या वाटेतच भरतो आणि पुढचं सगळं एकत्र जातं. खोके मोडून, बाटल्या चेपून द्या. शहाळी चार फाका करूनच द्या. अख्ख्या शहाळ्यात पाणी साचून डास होतात.

गाडीचा तळ मात्र वाईट अवस्थेत आहे. खारी हवा आणि कचऱ्याचं पाणी यांनी पत्रा गंजला आहे, घाटीच्या चढावर घाण पाणी गळतं, पावसात दुचाक्या घसरतात. गाडी रोज धुवायला हवी, पत्रा बदलायला हवा. आणि बुधवार, शुक्रवार, रविवार संध्याकाळी दुसरी फेरी हवीच.