भातपेंढ्याच्या गाठी: चार महिने खाचरात वापरून

गेल्या साली भात पहिल्यांदाच हार्वेस्टरनं काढलं. मागं पडलेला पेंढा गोळा करायला गडी मिळेनात, म्हणून भाड्यानं बेलर, म्हणजे पेंढ्याच्या गाठी बांधणारं यंत्र, बोलावला. गाठीमागं ४० रुपये. २२० गाठी निघाल्या, एकेक सोळा-सतरा किलोची. पूर्वी पेंढ्याची उडवी रचायला चार गडी नि दोन दिवस जायचे. या गाठी आम्ही बापलेकांनी अंधार पडायच्या आत पडवीत लावल्या.

खरा फायदा नंतर कळला. गाठ खांद्यावर टाकून कुठंही नेता येते. म्हणून पाच डांगी जातीच्या गाई आणि गोऱ्ह्याला दावणीत वैरण न टाकता रिकाम्या खाचरातच रोज दोन गाठी सोडायला लागलो. जागा रोज दहा पावलं पुढं. शेण-मूत तिथल्या तिथं. दर उन्हाळ्यात पाटीनं उकिरडा वाहून मान मोडायची. यंदा खालच्या तीन खाचरांत एक पाटीही न्यावी लागली नाही.

पहिला आठवडा मात्र फुकट गेला. पेंढा मोकळा पसरला, तर गाई निम्मा खाऊन उरलेल्यावर ऐसपैस बसायच्या. सकाळच्या दवानं तो काळा पडे. मग कमरेएवढा बांबूचा गोल कठडा बांधला. बाहेरून मान घालून खातात. नासाडी मूठभरावर आली.

अकरा गाठी आतून बुरसल्या. दोरी कापली की पांढरी धूळ उडायची, कुबट वास यायचा. चूक आमचीच, दव वाळायच्या आत बेलर फिरवला. त्या गाठी खतात गेल्या.

आणि दोरी! जानेवारीत एक गाय नुसतीच रवंथ करतेय असं वाटलं. तोंडाशी निळं टोक दिसलं. ओढलं तर हातभर ओली नायलॉन दोरी बाहेर आली. ती पोटात राहिली असती तर जनावर फुगून गेलंही असतं. आता गाठीच्या दोन, म्हणजे रोजच्या चारही दोऱ्या खुंटीला लागल्याशिवाय मी खाचर सोडत नाही.

नुसत्या पेंढ्यावर गाय अंग धरत नाही, हेही सांगतो. त्यात प्रथिनं जेमतेम ४ टक्के. १०० किलोला ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, २१ दिवस झाकून ठेवायचा, हा उपाय चांगला; पण बांधलेल्या गाठी परत सोडून शिंपडत बसणं आम्हाला जमलं नाही. आम्ही सकाळी मूठभर पेंड आणि बांधावरचा हिरवा पाला देऊन भागवलं.

यंदाही बेलर सांगितलाय. दुपारी दोननंतरच ये म्हटलंय, आणि तागाची दोरी चालत असेल तर ती माझ्या खर्चानं.