सॉयलेंट ग्रीन : रहस्यासाठी नव्हे, टंचाईसाठी बघा

रिचर्ड फ्लायशर यांचा १९७३ सालचा हा ९७ मिनिटांचा सिनेमा २०२२चं न्यूयॉर्क दाखवतो. वस्ती चार कोटी, उकाडा बारमाही, पाणी मोजून आणि पोटाला ‘सॉयलेंट’ या एकाच कंपनीच्या वड्या. थॉर्न हा पोलीस एका धनाढ्याच्या खुनाचा तपास करतो. तपासकथा म्हणून सिनेमा बेताचाच, धागेदोरे फार सहज हाती लागतात. शेवट आधीच कुणी फोडला असेल तरी काही बिघडत नाही.

मेलेल्याच्या फ्लॅटमधला प्रसंग नीट बघा. पंचनामा राहतो बाजूला. थॉर्न नळ सोडतो, साबणानं तोंड धुतो आणि निघताना साबण, दारू, मांस उचलून नेतो. घरी त्याच्यासोबत राहणारा म्हातारा सोल त्या मांसाचा रस्सा करतो. सॅलडची पानं, सफरचंद, दोघांचं जेवण, संवाद जवळजवळ नाहीच. मे महिन्यात टँकरमागं हंडे घेऊन धावणाऱ्या आपल्या गावांना हे समजावून सांगावं लागत नाही.

सिनेमा खापर फोडतो लोकसंख्येवर. पण जिन्यात माणसं दाटीनं झोपलेली आणि श्रीमंताच्या घरी एसी, नळाला गरम पाणी, हेही तोच दाखवतो. टँकर आधी कुणाच्या दारात रिकामा होतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला खरं दुखणं तिथंच दिसेल. फ्लॅटसोबत मिळणाऱ्या बायकांना इथं ‘फर्निचर’ म्हणतात. कल्पना जळजळीत आहे, पण त्यातल्या शर्लला स्वतःचं म्हणणं फारसं दिलेलं नाही.

मूळ कादंबरी हॅरी हॅरिसन यांची, ‘मेक रूम! मेक रूम!’, १९६६ची. तिथं काळ १९९९चा, सॉयलेंट हे सोयाबीन-मसुराचं साधं खाद्य आणि सिनेमातलं रहस्य मुळीच नाही. पाण्याची ओढाताण मात्र तिच्यात जास्त मुरलेली आहे. सोयाबीन पिकवणाऱ्यांनी जरूर वाचावी.

सोल झालेले एडवर्ड जी. रॉबिन्सन सिनेमा लागण्याआधीच, जानेवारी १९७३मध्ये गेले. सोलच्या अखेरच्या निरोपाला बेथोव्हनची सहावी सिम्फनी वाजते, समोर हिरवी रानं, हरणं. मोबाइलच्या स्पीकरवर याची माती होते.

गावात दाखवायचा असेल तर चित्र फार रुंद आहे हे लक्षात घ्या. आठ फुटी पडद्यावर उंची जेमतेम साडेतीन फूट भरते आणि मागच्यांना उपशीर्षकं वाचता येत नाहीत. बारा फुटी पडदा ताणा. बाहेरची दृश्यं हिरवट, धुरकट आहेत, उजेडात पार पुसली जातात, म्हणून उन्हाळ्यात आठच्या आधी सुरू करू नका. सुरुवातीच्या छायाचित्रांच्या माळेत बोलणं नाही, तेव्हा लोक गप्पांत राहतात आणि शहर या थराला कसं आलं तेच हुकतं. दिवे आधी घालवा. कूलर स्पीकरपासून दूर ठेवा. सोलच्या प्रसंगापायी लहान पोरांना बसवू नका.