अ‍ॅड्रेनलचा अभ्यास: रॅट घ्यावा की माइस?

सोलापुरात फार्मसी किंवा प्राणिशास्त्राचा प्रकल्प ठरवताना ‘माइस स्वस्त, जागाही कमी’ एवढ्यावर निवड होते. अ‍ॅड्रेनलच्या (मूत्रपिंडावरच्या संप्रेरक-ग्रंथीच्या) बाबतीत हा हिशेब अंगलट येतो, कारण रॅट (मोठा उंदीर) आणि माइस (लहान उंदीर) या दोघांच्या ग्रंथीची रचनाच वेगळी.

माइसच्या कॉर्टेक्स (ग्रंथीचा बाहेरचा भाग) आणि मेड्युला (आतला गाभा) यांच्या मध्ये एक्स-झोन नावाचा थर असतो. रॅटला तो नसतो. माइसच्या नरात वयात येताना, साधारण पाचव्या आठवड्यात, अँड्रोजेनमुळे (नर-संप्रेरकांमुळे) तो विरतो; मादीत पहिल्यांदा गाभण राहिल्यावर. पिल्लू नराचे वृषण काढले तर टिकून राहतो. लैंगिक संप्रेरकांचा परिणाम स्लाइडवर बघायचा असेल, तर इतका सुंदर नमुना दुसरा नाही. मात्र औषधाची विषारकता तपासणाऱ्याला हाच थर चकवतो. काही स्ट्रेनच्या (वाणांच्या) न व्यालेल्या माद्यांत तो विरताना पेशींत पोकळ्या दिसतात आणि ती औषधाची इजा समजली जाते. कंट्रोल गट (औषध न दिलेला) त्याच स्ट्रेनचा, त्याच वयाचा, त्याच लिंगाचा हवाच.

एसीटीएच (अ‍ॅड्रेनलला चालना देणारे पिट्युटरीचे संप्रेरक) किंवा डेक्सामेथासोनचा (ते दाबणाऱ्या स्टेरॉइडचा) परिणाम वजनात मोजायचा, तर नर रॅट घ्या. प्रौढ रॅटची एक ग्रंथी साधारण २०–३० मिलिग्रॅम भरते, माइसची जेमतेम २–५. मिलिग्रॅमचा दशांश न दाखवणारा काटा माइससाठी निरुपयोगीच. रॅटमध्ये मादीची ग्रंथी नरापेक्षा जड आणि डावी उजवीपेक्षा जड, म्हणून नर-मादी मिसळू नका, बाजू लिहून ठेवा. डेक्सामेथासोनने फॅसिक्युलाटा (कॉर्टेक्सचा मधला थर) आक्रसतो. ग्लोमेरुलोसा (सर्वांत बाहेरचा थर) मुख्यतः अँजिओटेन्सिन (रक्तदाब वाढवणारे संप्रेरक) आणि पोटॅशियमवर चालत असल्याने बराचसा शाबूत राहतो. तेव्हा थरांची रुंदी वेगवेगळी मोजा.

ग्रंथी चिमट्यात दाबू नका, भोवतीची चरबी धरून उचला. सलाइनने ओलावलेल्या फिल्टर पेपरवर चरबी सोलून लगेच वजन करा; सुकली की वजन घटते. मग १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये २४ तास. छेद ५ मायक्रॉनचा, मध्यातून; तिरका गेला की थर उगाच रुंद दिसतात. ऑइल रेड ओ (लिपिड दाखवणारा रंग) करायचे तर फ्रोझन सेक्शनच (गोठवून घेतलेला छेद), कारण पॅराफिनच्या (मेणात बसवण्याच्या) वाटेवर अल्कोहोल आणि झायलीन लिपिड धुऊन नेतात.

संप्रेरक मोजायला कॉर्टिसॉलचे किट मात्र घेऊ नका; दोघांचेही मुख्य संप्रेरक कॉर्टिकोस्टेरॉन आहे. कॉर्टिसॉलच हवे असेल तर गिनीपिग बघा.

एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो. प्राणिगृहातला एसी बंद पडला की उष्णतेच्या ताणाने एसीटीएच वाढते आणि ताण लांबला तर कंट्रोलच्या ग्रंथीही फुगतात. प्रयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बसवा. त्यासाठी प्राणी नीतिशास्त्र समितीकडे प्रस्ताव पावसाळ्यातच द्या.