रिपेरिंगनंतर बोटीचं इंजिन चालू होईना: हवा स्वतः काढावी की मेकॅनिकला परत बोलवावं?

पावसाळी मासेमारी बंदीत डिझेल इंजिन उघडून बसवलं, आता सेल्फ फिरतो पण इंजिन पकडतच नाही, बहुतेक वेळा डिझेलच्या लाईनमधे हवा असते.

खर्च म्हणाल तर हवा काढायला पाना आणि थोडं डिझेल बस, डिझेल फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करून इंजिनवरचा डिझेलचा छोटा हातपंप मारत राहायचं, फेस जाऊन सलग डिझेल आलं की आवळायचा. मेकॅनिक मजुरी घेणार (त्याचंच काम असेल तर फुकट यायला हवं खरं तर!) आणि सीझनच्या तोंडावर मिळणार कधी?

धोका मात्र स्वतः करण्यात जास्त. सारखा सेल्फ मारला की बॅटरी बसते, आणि एक्झॉस्टमधे समुद्राचं पाणी जात असेल तर ते उलटं सिलेंडरमधे शिरू शकतं, म्हणून समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह तेवढा वेळ बंद ठेवा, इंजिन चालू होताच उघडा.

नुसतं फिल्टर-नळीचं काम झालं असेल तर स्वतः करा. डिझेलचा इंजेक्शन पंप, टायमिंग (डिझेल फवारायची वेळ जुळवणं) किंवा सिलेंडर हेड उघडलं असेल तर मेकॅनिकच.