व्हिएन्ना एका दिवसात: जहाजाची बस की यू-१?

डॅन्यूबच्या क्रूझवर बुडापेस्टला हा प्रश्न पडतच नाही. तिथे जहाज शहराच्या मधोमध लागतं, उतरलात की पोहोचलात. व्हिएन्नात मात्र पुरांच्या त्रासाला कंटाळून १८७० ते १८७५ या काळात नदी सरळ करून नव्या पात्रात घातली आणि जुन्या शहराला खेटून उरला तो फक्त कालवा. त्यामुळे बहुतेक जहाजं राइशब्र्युके पुलाजवळ लागतात. डेकवरून दिसतात ते समोरच्या काठावरचे काचेचे टॉवर. जुन्या शहरातलं सेंट स्टीफन्स चर्च कुठल्या दिशेला आहे हेसुद्धा विचारावं लागतं. मग जहाजाच्या बसने सकाळच्या सहलीला नाव द्यायचं की यू-१ मेट्रोने आपलं आपण जायचं, हे आदल्या संध्याकाळीच ठरवावं लागतं. मी दोन्ही करून पाहिलंय.

बसच्या बाजूने बरंच बोलता येईल. १८५७ मध्ये सम्राट फ्रान्झ योझेफने शहराचा तट पाडायचा हुकूम काढला आणि त्या जागी रिंगश्ट्रासे आली. ऑपेरा, संसद, टाऊन हॉल हे सगळं त्याच रस्त्यावर ओळीने उभं आहे, आणि ते बसच्या काचेतून बघायला खरंच मजा येते. गाइड बहुधा जाणकार असतात. तिकिटाची, रस्त्याची चिंता नाही. शिवाय सहलीची बस कुठे अडकली तर जहाज सहसा थांबतं, तुम्ही एकटे उशिरा आलात तर थांबेलच असं नाही.

माझं बिनसलं ते बसमधून उतरल्यावर, आणि कारण म्हणाल तर क्षुल्लक आहे: कानातला तो इअरपीस. गाइड फलक उंच धरून पुढे, आपण मागे, आणि तिचा आवाज ठरावीक अंतरापर्यंतच पोहोचणार. सेंट स्टीफन्सच्या मुख्य दाराच्या डावीकडे भिंतीत दोन लोखंडी पट्ट्या बसवलेल्या आहेत. जुन्या काळी कापड मोजायची ही अधिकृत मापं. व्यापाऱ्याने माप मारलं की काय, हे गिऱ्हाइकाने इथे येऊन ताडून बघायचं. मी त्या पट्ट्यांपाशी जरा रेंगाळलो, तर कानात खरखर सुरू झाली. धावत जाऊन गट गाठला तेव्हा ग्राबेन रस्त्यावरच्या प्लेगच्या स्तंभाची गोष्ट निम्मी संपली होती. तिथून पुढे तेच. बघायला थांबावं तर ऐकू येत नाही, ऐकायला पळावं तर बघून होत नाही. वर निम्मं बोलणं म्हणजे ‘डावीकडे या, सायकल सांभाळा, बसपाशी किती वाजता भेटायचं लक्षात आहे ना’. आणि एक कान त्यातच अडकल्यामुळे घोडागाड्यांच्या टापा, चौकातला गलका, काहीच धड ऐकू येत नाही. सोबतच्या कित्येकांना याचा जराही त्रास झाला नाही, हेही सांगायला हवं. माझा स्वभावच रेंगाळायचा.

यू-१चं म्हणाल तर धक्क्यापासून फोरगार्टनश्ट्रासे स्टेशन चालत जाण्यासारखं आहे आणि तिथून चौथं स्टेशन श्टेफान्सप्लाट्झ. जिना चढून वर आलात की चर्च समोर. स्टेशनांवर गेट नसतं, पण तपासनीस साध्या वेशात फिरतात, तेव्हा दिवसाचं तिकीट काढूनच चढा. सहलीत चर्चमध्ये जेमतेम डोकावता येतं. एकट्याने गेलं तर दक्षिण मनोऱ्याच्या ३४३ पायऱ्या चढता येतात. गुडघे कुरकुरत असतील तर उत्तर मनोऱ्याला लिफ्ट आहे आणि तिथे ‘पुमरिन’ ही वीस टनांची घंटा. मूळ घंटा १७११ मध्ये, तुर्कांनी १६८३ मध्ये घातलेल्या वेढ्यानंतर त्यांच्याकडून हाती आलेल्या तोफा वितळवून ओतलेली. ती १९४५च्या आगीत पडून फुटली आणि त्याच धातूतून १९५१ मध्ये आत्ताची केली. मी तिथे किती वेळ होतो कुणास ठाऊक. कुणी फलक हलवून बोलावलं नाही, एवढं खरं.

आई-वडील बरोबर असतील, चालणं जपून असेल किंवा जेवण कटाक्षाने शाकाहारी हवं असेल, तर मी बसच सुचवेन. ती जेवणाच्या वेळेला परत आणते आणि जहाजावर आधी सांगून ठेवलं की पानात काय येणार हे माहीत असतं. शोनब्रुन राजवाडा आतून बघायचा असेल तरीही जहाजाची जादा सहल घेण्यात शहाणपण आहे, कारण प्रवेशाच्या वेळा ठरलेल्या असतात आणि उन्हाळ्यात त्या भरून जातात. नुसती बाग बघायची तर ती फुकट आहे. यू-१ने कार्ल्सप्लाट्झ, तिथे बदलून यू-४.

बाकी कुणालाही, विशेषतः जहाज रात्री उशिरापर्यंत थांबणार असेल तर, मी हळूच यू-१कडे ढकलेन. आदल्या रात्री रिसेप्शनवर धक्का कुठला ते तेवढं विचारून घ्या. काही जहाजं नुसडॉर्फला लागतात आणि तिथून यू-१चा उपयोग नाही. तिथून डी ट्राम धरायची. ती रिंगवरूनच जाते, म्हणजे टाऊन हॉल, संसद आणि ऑपेरा ट्रामच्या तिकिटातच बघून होतात.